काटा शून्यावर आला म्हणून बॅटरी बदलू नका

आमच्या मोझरी-तिवसा भागात एक समज इतका घट्ट रुजला आहे की त्याला कोणी प्रश्नच विचारत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर डावीउजवीकडे हलणारा जो चार्जिंग मीटरचा छोटा काटा असतो, तो चालत्या ट्रॅक्टरवर मधोमध शून्याशी येऊन थांबला की बॅटरी 'गेली'. मग शेतकरी दुकानात जातो, जुनी बॅटरी शिशाच्या भावात देतो, नवी आणतो. दोन महिने बरे जातात आणि काटा पुन्हा शून्यावर दिसतो.

हा समज चुकीचा आहे. तो फक्त अडाणी माणसाचा आहे असेही नाही. पदवीधराचा आहे, ग्रामपंचायत सदस्याचा आहे आणि कालपरवापर्यंत माझाही होता. मी बी.एड. झालेला शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी शिकवतो. त्या एका काट्याने माझ्या घरचे तेरा हजार रुपये घालवले. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठा राग या गोष्टीचा आहे की हा काटा वाचायला लागणारे सगळे ज्ञान आमच्या शाळेच्या कपाटात होते आणि आम्ही त्याचा उपयोग फक्त पेपर सोडवण्यासाठी केला.

आधी घडले ते सांगतो.

मोठ्या भाऊजानकडे तीस वर्षांपेक्षा जुना ट्रॅक्टर आहे. त्यावर घरची शेती होते आणि हंगामात चार लोकांची भाड्याची कामेही होतात. गेल्या वर्षी सकाळी सेल्फ मारला की तो घर्र घर्र करून थांबायचा. दिवसभर ट्रॅक्टर चालला तरी मीटरचा काटा शून्यावरच. शेजारच्या पाटलांनी निदान सांगितले, "सर, काटा झिरोवर येऊन रायला म्हंजे चार्जिंग बंद झाली. बॅटरी बदला, दुसरा काई इलाज नाई." एका दुकानात दाखवले. दुकानदाराने काट्याकडे पाहिले, मान हलवली आणि नवी बॅटरी बसवून दिली. साडेसहा हजार. सेल्फ फिरला, काटा उजवीकडे गेला, सगळे खूश. दीड महिन्यात पुन्हा तेच. पुन्हा त्याच दुकानात, पुन्हा साडेसहा हजार, कारण वॉरंटीच्या कागदात काहीतरी खोट निघाली.

तिसऱ्यांदा ट्रॅक्टर बंद पडला तो ऑक्टोबरात. गुरुकुंजात राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीची गर्दी होती, रस्त्यावर दिंड्या होत्या आणि आमच्या शेतात हरभऱ्याची ओल उडून चालली होती. पेरणीचा एक दिवस गेला म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शेवटी हायवेवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी आणले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चौथीनंतर शाळा सुटलेली, आयुष्य गॅरेजवर गेलेले.

चाचांनी उतारावरून ट्रॅक्टर सुरू करून घेतला आणि काट्याकडे पाहिले. काटा शून्यावर. पाटील म्हणाले, "पाहा, गेली." चाचा काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "सर, लाइट लावा." मी हेडलाइट लावले. काटा झटकन डावीकडे, उण्याच्या बाजूला गेला. चाचांनी हाताने रेस वाढवली. काटा सावकाश वर येत शून्य ओलांडून उजवीकडे गेला. लाइट बंद केले, काटा आणखी थोडा उजवीकडे जाऊन परत शून्यावर आला.

"चार्जिंग येऊन रायली," चाचा म्हणाले. "बॅटरी भरेल हाय. घेत नाई म्हणून काटा मधात."

मग त्यांनी ट्रॅक्टर बंद केला. एक जाड जंपर वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, दुसरे थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि सेल्फ मारायला सांगितले. इंजिन एका दमात सुरू झाले. दोष बॅटरीत नव्हता, चार्जिंगमध्ये नव्हता. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी जिथे चेसिसला बोल्टने आवळलेली असते, तिथे माती, जुना रंग आणि गंज यांचा थर बसला होता. पट्टी सोडली, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत घासल्या, नवा वॉशर टाकून आवळली, वरून ग्रीस लावले. खर्च वॉशरचा. चाचांनी चहा घेतला आणि शंभर रुपये भाऊजानने बळेच त्यांच्या खिशात घातले.

नवी बॅटरी बसवल्यावर दीड महिना बरे का जात होते, हेही तेव्हाच कळले. बॅटरी बदलताना पट्टी हलवली जायची, थोडा गंज आपोआप घासला जायचा आणि सांधा काही दिवस धरायचा. श्रेय मात्र नव्या बॅटरीला मिळायचे.

आता त्या काट्याबद्दल. ज्यांच्या घरी जुना ट्रॅक्टर आहे त्यांनी हे नीट वाचावे, कारण दुकानात हे कोणी सांगणार नाही.

वाण्याच्या वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. ट्रॅक्टरचा अमीटर ही तशीच वही आहे. मधले शून्य सोडून उजवीकडचे 'अधिक' म्हणजे बॅटरीत जमा होत आहे. डावीकडचे 'उणे' म्हणजे बॅटरीतून खर्च पडत आहे. बऱ्याच मीटरवर दोन्ही टोकांना ३० हा आकडा असतो. काहींवर आकडे नसून इंग्रजी 'सी' आणि 'डी' ही अक्षरे असतात, म्हणजे चार्ज आणि डिस्चार्ज. आकडे अँपिअरचे, म्हणजे दर सेकंदाला किती वीज वाहते त्याचे. खात्यात शिल्लक किती, हे ही वही सांगतच नाही. ती फक्त या क्षणाला येणे-जाणे किती, तेवढे सांगते.

आमची पहिली चूक इथे होते. डिझेलच्या काट्याची सवय असल्यामुळे आम्ही हाही काटा तसाच वाचतो. डिझेलचा काटा खाली आला म्हणजे टाकी रिकामी. अमीटरचा काटा मध्ये आला म्हणजे मात्र येणेही नाही आणि जाणेही नाही, इतकाच अर्थ.

साधा हिशेब करू. सेल्फ मारताना तो शेकडो अँपिअर ओढतो. समजा २५० अँपिअर आणि पाच सेकंद. गुणाकार १२५०. आता इंजिन सुरू झाल्यावर १० अँपिअरने भरणा होत असेल तर १२५ सेकंदांत, म्हणजे दोन मिनिटांच्या आसपास, तो खर्च भरून निघेल. प्रत्यक्षात बॅटरी भरत आली की ती कमी कमी घेते, शिवाय काही वीज वाया जाते, म्हणून वेळ अधिक लागतो. तरी सांगण्याचा मुद्दा तोच. सुरू केल्याबरोबर काटा उजवीकडे दहा-पंधरापर्यंत जाणे आणि मग हळूहळू शून्याजवळ परतणे हे निरोगी ट्रॅक्टरचे लक्षण आहे. आम्ही नेमके ते लक्षण पाहून बॅटरी फेकतो.

पण थांबा. शून्य दिसले की सगळे ठीक, असा उलटा समजही करून घेऊ नका. डिझेल इंजिनला चालायला वीज लागत नाही. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी हवी, डिझेलमध्ये दाबानेच इंधन पेटते. म्हणून डायनॅमो पूर्ण मेलेला असला, पट्टा तुटलेला असला, तरी जुना ट्रॅक्टर दिवसा मजेत चालतो. लाइट बंद, म्हणून खर्च नाही. डायनॅमो मेलेला, म्हणून भरणा नाही. काटा शून्यावर. म्हणजे भरलेल्या बॅटरीचे शून्य आणि मेलेल्या डायनॅमोचे शून्य दिसायला एकच. दोन्हींतला फरक नुसते पाहून कळत नाही, शून्याला प्रश्न विचारावा लागतो. चाचांनी "लाइट लावा" म्हटले ते यासाठी.

जुन्या हेडलाइटचे दोन बल्ब ४५-४५ वॅटचे धरले तर १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर लागतात. मागचा दिवा धरून आठ. लाइट लावून रेस वाढवल्यावर काटा शून्यावर किंवा त्याच्या उजवीकडे आला, तर भरणा होत आहे. उणे आठवरच अडून बसला, तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर, त्याचा पट्टा, रेग्युलेटर किंवा मधली वायर, यांत काहीतरी बिघडले आहे. आधी पट्टा दाबून पाहा, सैल असेल तर ताणा. रेस कमी असताना लाइट लावल्यावर काटा थोडा उण्याकडे राहिला तर घाबरू नका, जुना डायनॅमो कमी फेऱ्यांवर पुरेशी वीज देतच नाही.

आणखी तीन वाचने लक्षात ठेवा. ट्रॅक्टर बंद, सगळे स्विच बंद, आणि तरी काटा डावीकडे असेल तर वीज कुठेतरी गळते आहे. डायनॅमोवाल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये कटआउटचे पॉइंट चिकटले की बॅटरी रात्रभर उलटी डायनॅमोत रिकामी होते. तेव्हा बॅटरीची वायर ताबडतोब काढा. दुसरे, तासन् तास चालूनही काटा उजवीकडे बराच पुढे राहत असेल, तर एकतर बॅटरीचा एखादा खाना खराब आहे किंवा रेग्युलेटर आवर घालत नाही. अशा वेळी बॅटरीचे पाणी उकळून आटते. आमच्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते आधीच आटत असते. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, ॲसिड घालू नये. तिसरे, ट्रॅक्टर बंद ठेवून लाइट लावल्यावर काटा उजवीकडे गेला, तर कोणीतरी मीटरच्या मागच्या दोन वायरी उलट जोडल्या आहेत. अशा ट्रॅक्टरवर मालक आयुष्यभर जमेला नावे आणि नाव्याला जमा समजत बसतो.

आणि काट्याला काय दिसत नाही, तेही सांगतो. सेल्फचा करंट मीटरमधून जात नाही. तो इतका मोठा असतो की मीटर जळून जाईल, म्हणून त्याची जाड केबल बॅटरीपासून थेट जाते. परत येण्याची वाट चेसिसमधून, त्या निगेटिव्ह पट्टीतून. पट्टीच्या सांध्यावर गंज असला तर दोन-चार अँपिअरचा भरणा त्यातून आरामात होतो, पण सेल्फचे शेकडो अँपिअर अडतात. पाऊलवाटेवरून एक माणूस जातो, पूर्ण दिंडी जात नाही. आमच्या ट्रॅक्टरचा रोग नेमका काट्याच्या नजरेबाहेर होता. काटा खरे बोलत होता आणि आम्ही त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मानून दोन बॅटऱ्या घेतल्या.

एक सावधगिरी. लाइट आणि बाकीचा सगळा खर्च मीटरच्या मागच्या दोन स्क्रूंमधून जातो आणि ते स्क्रू ट्रॅक्टर बंद असतानाही जिवंत असतात. ढिले झाले तर तापतात, आग लागू शकते. तिथे पाना लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

यात असे काय आहे जे नववीच्या मुलाला समजणार नाही?

महाराष्ट्राच्या नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' हा धडा आहे. ओहमचा नियम आहे, रोध आहे, अमीटर एकसर जोडणीत लावायचा हे आहे. बालभारती हेच पुस्तक उर्दूतही छापते. आमची मुले वर्तुळात 'ए' काढून परिपथाची सुबक आकृती काढतात, गुण मिळवतात. त्याच मुलाच्या घराच्या अंगणात खरा अमीटर उभा असतो आणि दोन्हींचा संबंध त्याच्या डोक्यात कधी जुळत नाही. तो जुळवून देणे हे कोणाचे काम होते? आमचे. आम्ही काय केले? "महत्त्वाचा प्रश्न, अधोरेखित करा" म्हणालो.

मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून मला आणखी एक गोष्ट टोचते. उर्दू शाळेतला मुलगा पुस्तकात 'बर्क़ी रौ' वाचतो. मराठी शाळेतला 'विद्युतधारा' वाचतो. दोघेही गॅरेजवर गेले की 'करंट' म्हणतात. ही तीन नावे एकाच वस्तूची आहेत, हे किती मुलांना ठाऊक असते? मी माझ्या वर्गात विचारले. एकानेही हात वर केला नाही. शब्द पाठ होते, वस्तू माहीत होती, मधला पूल नव्हता. पूल बांधणे हाच भाषेच्या शिक्षकाचा धंदा असतो आणि मी वर्षानुवर्षे समानार्थी शब्दांचे तक्ते लिहून देत होतो.

आता माझ्या समाजाशी बोलतो. कडू लागेल.

अमरावतीपासून नागपूरकडे हायवेने जाताना गॅरेज, पंक्चर, रेडिएटर, बॅटरी, डेंटिंग या दुकानांतली किती आपल्या माणसांची आहेत ते मोजा. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात देशभराचे चित्र मांडले तेव्हा मुसलमान स्वयंरोजगारात अधिक आहेत आणि वाहनदुरुस्ती हा त्यांतला एक ठळक धंदा आहे, हे नोंदवले होते. त्या अहवालाचा हवाला आपण प्रत्येक सभेत देतो. आपले मागासलेपण सिद्ध करायला देतो. पण त्या गॅरेजमध्ये जे ज्ञान बसलेले आहे त्याचे आपण काय केले? काहीही नाही. शाळेत नापास झालेल्या मुलाला "जा, गॅरेजवर बस" ही आपल्या घरातली शिक्षा आहे. गॅरेज म्हणजे हरलेल्यांची जागा, असे आपणच मुलांना शिकवले. मग त्या जागेवर बसलेला मुलगा वही का धरील? त्याला उस्ताद 'असे कर' सांगतात, 'का' सांगत नाहीत, कारण उस्तादांनाही कोणी सांगितलेले नसते. चाचांना रोग कळला, पण जंपर लावल्यावर सेल्फ का फिरला हे विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "लोखंडाले लोखंड भेटलं, बस." त्यांच्यानंतर हे ज्ञान कुठे जाणार? मातीत.

आणि जलशांमध्ये आपण काय सांगतो? अल-जझरीने १२०६ मध्ये यंत्रांवर केवढा मोठा ग्रंथ पूर्ण केला, मुसलमानांनी जगाला काय काय दिले. मीही शाळेच्या स्नेहसंमेलनात असे भाषण लिहून दिले आहे. अल-जझरी स्वतः कारागीर होता, हाताला तेल लावून काम करणारा होता, आणि केलेले लिहून ठेवणारा होता. त्याचे नाव घेणारा मी, हायवेवरच्या चाचांना मात्र खुर्ची देताना आधी तिच्यावर जुना पेपर अंथरला. कपड्यांचे डाग लागतील म्हणून. हा प्रसंग माझ्याच घरातला, म्हणून बेधडक लिहितो.

काही लोक म्हणतील, "सर, आता मुलांना मेकॅनिक करायचे का? डॉक्टर, इंजिनिअर होऊ द्या." जरूर होऊ द्या. पण ज्याला अंगणातला अमीटर वाचता येत नाही, तो इंजिनिअर होऊन काय वाचणार? आणि डॉक्टर तरी काय करतो? तो काटाच वाचतो. तापमापकाचा, रक्तदाबाचा. ताप कमी आहे म्हणून रोगी बरा, असे म्हणणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का? एका आकड्यावरून निकाल देऊ नये, दुसरा प्रश्न विचारून खात्री करावी, ही सवय गॅरेज आणि दवाखाना दोन्हीकडे एकच आहे.

दुसरे लोक म्हणतील, "जुना ट्रॅक्टर भंगारात द्या, नव्यात लाल दिवा लागतो, कटकट नाही." ज्याला चार एकर आहेत आणि सोयाबीनचा भाव हातात नाही, त्याला हे सांगणे सोपे आहे, ऐकणे अवघड. जुने ट्रॅक्टर अजून वऱ्हाडभर चालतात आणि चालतील. ज्या एचएमटीच्या पिंजोर कारखान्याचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली, तिथले ट्रॅक्टरही शेतात दिसतात. कारखाना बंद झाला, यंत्र चालू आहे. ते चालू ठेवणारा माणूस कोण, एवढे फक्त पाहा. आणि लाल दिव्याचे म्हणाल, तर तो फक्त 'बिघडले' एवढे सांगतो. किती, कधी, कुठे हे सांगत नाही.

तिसरे म्हणणे माझ्या हिंदू मित्रांचे. ते प्रेमाने म्हणतात, "तुमच्या लोकाईच्या हातातच कसब असते." मित्रांनो, हे कौतुक परत घ्या. कसब रक्तात नसते. दहा वर्षांचा मुलगा शाळा सोडून थंडीत डिझेलने पुर्जे धुतो, शिव्या खातो, वीस वर्षे घासतो, तेव्हा ते हातात येते. त्याला जन्मजात म्हटले की त्याची मेहनतही पुसली जाते आणि त्याच्या शिक्षणाची जबाबदारीही कोणावर उरत नाही. कौतुकाऐवजी त्याला पूर्ण मजुरी द्या आणि त्याच्या मुलाला शाळेत पुढच्या बाकावर बसू द्या.

हा विचार नवा आहे, बाहेरून आणलेला आहे, असेही कोणी समजू नये. तो आमच्याच मातीतला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात, मोझरीहून फार लांब नसलेल्या वर्ध्याला, गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे, हा विचार तिथे मांडला गेला. त्याचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते, जामिया मिल्लियाचे, पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झालेले. मातृभाषेतून शिक्षण, सात वर्षे मोफत आणि सक्तीचे, आणि उद्योग केंद्रस्थानी. नई तालीम हे नावच किती आपले आहे! बी.एड.च्या परीक्षेत मी त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले होते. उत्तीर्ण झालो आणि विसरलो.

गुरुकुंज आश्रम तर त्याच्याही आधीचा, १९३५ चा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता लिहिली ती गावाच्या रोजच्या जगण्यावर. सफाई, आरोग्य, उद्योग, श्रम, आणि 'जीवन-शिक्षण' हा स्वतंत्र अध्याय. सर्वधर्मीयांना एकत्र बसवणारी प्रार्थना त्यांनी दिली. पुण्यतिथीला लाखो लोक मौन श्रद्धांजली वाहायला येतात, आमच्या घरचे शेजाऱ्यांबरोबर जातात. पण बाहेर हायवेवर त्यांची गाडी बंद पडली की ज्याच्या हाताने ती सुरू होते, त्याचे ज्ञान गावाच्या शिक्षणात नाही. महाराजांचे नाव घेणाऱ्यांनी आणि झाकिर साहेबांचे नाव घेणाऱ्यांनी, दोघांनीही यावर बोलावे. दोघांनी मिळून बोलावे.

नुसती तक्रार करून थांबणार नाही, काय करता येईल ते सांगतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची तरतूद आहे. सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी जाऊन शिकावे असे त्यात लिहिले आहे. हे दिवस रंगभरण आणि सेल्फी पॉइंटवर उडवू नका. एक दिवस हायवेवरच्या गॅरेजला द्या. मिस्त्रीला पाहुणा म्हणून बोलवा, शाल-नारळ द्या, मानधनही द्या. त्यांनी काटा दाखवावा, विज्ञानाच्या शिक्षकाने कारण सांगावे, भाषेच्या शिक्षकाने ते मुलांकडून लिहून घ्यावे. उर्दूत, मराठीत, दोन्हींत. ते लिहिलेले कागद गॅरेजच्या भिंतीवर लावा.

मशिदीच्या कमिट्या आणि बैतुलमाल शिष्यवृत्ती देतात, चांगली गोष्ट आहे. त्यात एक भर घाला. गॅरेजवर काम करणाऱ्या मुलाला दहावी पूर्ण करायला मदत करा. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण त्याला दहावी लागते. आठवीत सुटलेला आपला मुलगा दहा वर्षे तेच काम करूनही त्या दारात उभा राहू शकत नाही. दहावी झाल्यावर त्याच्या हातात एक मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर द्या. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या जवळपास असेल तर बॅटरी भरलेली, चालू असताना १४ च्या आसपास असेल तर भरणा ठीक, एवढे ज्याला मोजता येते त्याला कोणताही दुकानदार फसवू शकत नाही आणि तोही कोणाला फसवणार नाही.

आणि शेतकऱ्यांनो, दुकानदाराने बॅटरी बदला म्हटले तर आधी लाइट लावून रेस वाढवा, काटा पाहा. मग दोन्ही टर्मिनल आणि निगेटिव्ह पट्टी सोडून घासा. एवढे केल्यावरही अडले, तरच खिशात हात घाला.

मी माझ्यापासून सुरुवात केली आहे. जुन्या बाजारातून एक अमीटर आणला, एक जुनी बॅटरी, एक बल्ब आणि स्विच घेऊन फळीवर जोडला. गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गात तो ठेवला. चाचांना बोलावले होते, या वेळी खुर्चीवर पेपर अंथरला नाही. त्यांनी बल्ब लावला, काटा डावीकडे गेला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सुट्टीत मामाच्या गॅरेजवर बसतो आणि माझ्या तासाला कधी तोंड उघडत नाही, उभा राहून म्हणाला, "सर, नावे पडलं."

त्याला मी फळ्याजवळ बोलावले आणि 'विद्युतधारा', 'बर्क़ी रौ', 'करंट' हे तीन शब्द एकाखाली एक लिहायला लावले. पुढच्या तासाला तो शिकवणार आहे.